औषधावरचं औषध

माझी सध्याची पोस्टिंग चंडीमंदिरला आहे. वेस्टर्न कमांडचं मुख्यालय इथेच. खिडकीतून शिवालिकच्या टेकड्या दिसतात आणि चंदीगड शहर हाकेच्या अंतरावर आहे. या ब्लॉगवर मी बहुतेक वेळा लढाया, किल्ले आणि जुन्या छावण्या यांवर लिहितो. या वेळचा विषय थोडा वेगळा आहे, पण तोही सैनिकाचाच आहे, आणि त्याहून जास्त शेतकऱ्याचा.

चंदीगडच्या सेक्टरांचे आकडे शहराच्या हद्दीवर थांबत नाहीत, तसेच पुढे मोहालीत शिरतात. सेक्टर ६७ त्यांतलाच. पत्त्यावर लोक सवयीने चंदीगड लिहितात, पण जागा पंजाबातली, साहिबजादा अजितसिंग नगरातली. तिथे ‘नायपर’ आहे, म्हणजे राष्ट्रीय औषधनिर्माण शिक्षण व संशोधन संस्था. १९९८ साली संसदेने कायदा करून तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा दिला. माझी भाची तिथे शिकते. रविवारी वेळ मिळाला की गावाकडून आलेली जवसाची चटणी घेऊन मी तिच्याकडे चक्कर मारतो.

अशाच एका रविवारी आमच्या ट्रेनिंगचा विषय निघाला. अणु, जैविक आणि रासायनिक हल्ल्यापासून बचावाचं ट्रेनिंग फौजेत सगळ्यांनाच थोडंफार मिळतं. पुण्यात दापोडीला कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनीअरिंगमध्ये त्याची स्वतंत्र शाखाच आहे. नर्व्ह गॅसचा हल्ला झाला तर आधी मास्क आणि मग मांडीत सुई, हे आमच्याकडून घोटून घेतलेलं असतं. सुईतलं औषध आपोआप आत जातं. ग्वाल्हेरच्या डीआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेने ही सुई आपल्या फौजेसाठी तयार केली. तिच्यात दोन औषधं येतात, ॲट्रोपीन आणि पॅम.

भाची म्हणाली, “मामा, तुमच्या त्या सुईतली दोन्ही औषधं आपल्या यवतमाळच्या दवाखान्यात असतात. फवारणीची विषबाधा झाली की हीच देतात. विषही एकाच घराण्यातलं.”

नर्व्ह गॅस आणि कीटकनाशक हे एकमेकांचे भाऊबंद आहेत, हे ट्रेनिंगमध्ये एका ओळीत सांगून झालेलं होतं. पण त्या एका ओळीमागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात बारामतीचं आणि यवतमाळचंही पान आहे, हे मला तिच्याकडून आणि नंतरच्या वाचनातून कळलं. तोच इतिहास इथे मांडतो.

सुरुवात शब्दापासून करू. आपल्या गावांत कीटकनाशकाला कोणी विष म्हणत नाही. ‘औषध मारायचं आहे’, ‘औषधाचा डबा आण’, असंच म्हणतात. कोणी जिवाचं बरंवाईट करून घेतलं तरी ‘औषध घेतलं’ असंच सांगतात. म्हणजे ज्याच्यावर औषध शोधायचं, त्याचंच नाव औषध. खऱ्या औषधाला, म्हणजे विष उतरवणाऱ्याला, आपल्याकडे उतारा म्हणतात. हा लेख त्या उताऱ्याचा आहे.

हे विष करतं काय, ते आधी समजून घेऊ. आपल्या नसा स्नायूंना, ग्रंथींना आणि हृदयाला जो निरोप देतात, तो ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनाच्या हातून जातो. निरोप पोचला की एक विकर येऊन ते रसायन लगेच साफ करतं. परेडच्या भाषेत सांगायचं तर नस ‘सावधान’ म्हणते आणि विकर ‘विश्राम’ देतं. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं विष त्या विकरालाच जायबंदी करतं. मग सावधानचा हुकूम सुटत राहतो आणि विश्राम कधी मिळतच नाही. तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांतून पाणी येतं, घाम फुटतो, उलट्या-जुलाब होतात. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात. स्नायू फडफडतात आणि मग लुळे पडतात. फुप्फुसं स्वतःच्याच पाण्याने भरतात.

आणि नाडी मंदावते. मेंदूतून निघून हृदयाकडे जाणारी व्हेगस नावाची नस हृदयाचा ब्रेक आहे. तिचा निरोपही ॲसिटिलकोलीनच नेतं. ते साफ होईना की ब्रेक दाबलेलाच राहतो. ठोके साठ, पन्नास, चाळीस असे उतरत जातात आणि रक्तदाब पडतो. ॲट्रोपीन नेमकं इथे कामाला येतं. ते विषाला हात लावत नाही, ते ॲसिटिलकोलीनची बसायची जागा अडवतं. ब्रेकवरचा पाय उचलला जातो, ठोके वाढतात आणि छाती कोरडी होऊ लागते.

हे ॲट्रोपीन कुठून आलं? बेलाडोना नावाच्या युरोपातल्या विषारी झुडपातून. आपल्याकडे त्याचा सख्खा नातेवाईक उकिरड्याच्या कडेला उगवतो, तो म्हणजे धोतरा. महादेवाला वाहतात तोच. वाटसरूंना धोतरा चारून लुटणाऱ्या टोळ्यांच्या गोष्टी आपण ऐकलेल्या आहेत. म्हणजे उताराही मुळात विषच. एका विषाने दुसरं विष मारायचं, ही जुनी म्हण इथे अक्षरशः खरी ठरते.

दुसऱ्या बाजूचं विष आलं आफ्रिकेतून. आजच्या नायजेरियाच्या किनाऱ्यावरच्या कॅलाबार भागात आरोपीला एक शेंगबी खायला घालून न्याय करत. उलटून पडली तर तो निर्दोष, मेला तर गुन्हेगार. ती बी एडिंबराला पोचली. तिथले प्राध्यापक रॉबर्ट ख्रिस्टिसन यांनी १८५५ मध्ये तिचा तुकडा स्वतः खाऊन पाहिला आणि थोडक्यात वाचले. त्या बीमधलं फायसोस्टिग्मिन हे द्रव्यसुद्धा त्याच विकराला अडवतं, फक्त काही काळापुरतं.

१८६४ मध्ये प्रागमध्ये काही कैद्यांनी दारू समजून ॲट्रोपीनचं द्रावण प्यायलं. क्लाइनवॅख्टर नावाच्या डॉक्टरने त्यांतल्या सर्वांत अत्यवस्थ माणसाला कॅलाबार बीचा अर्क दिला आणि तो सुधारला. म्हणजे बी हा ॲट्रोपीनचा उतारा निघाला. मग उलट का होऊ नये? हा प्रश्न एडिंबराच्या थॉमस फ्रेझर यांनी हाती घेतला. त्यांनी सशांवर शेकडो प्रयोग केले आणि १८७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ॲट्रोपीन कॅलाबार बीच्या विषावर उतारा ठरतं, पण दोन अटींवर. एक, मात्रा जुळली पाहिजे, कमी पडून चालत नाही आणि जास्त होऊनही चालत नाही. दोन, वेळ टळता कामा नये. त्यांनी या दोन्हींच्या मर्यादा मोजून दाखवल्या. मात्रा आणि वेळ हे दोन शब्द लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट याच दोन शब्दांची आहे.

मंद नाडीमागचं रसायन सापडायला १९२१ साल उजाडलं. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरातले ओटो लोवी एका रात्री झोपेतून उठले, एक कल्पना कागदावर खरडली आणि पुन्हा झोपले. सकाळी स्वतःचं अक्षर त्यांना लागेना. दुसऱ्या रात्री तीच कल्पना पुन्हा आली, तेव्हा ते तडक प्रयोगशाळेत गेले. बेडकाची दोन हृदयं द्रावणात धडधडत ठेवली. एकाची व्हेगस नस चेतवली, ते मंदावलं. त्याच्याभोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयावर घातलं, तर नस न चेतवताच तेही मंदावलं. म्हणजे हृदयाला थांबवणारा निरोप विजेचा नसून रसायनाचा आहे. या कामासाठी लोवी आणि ब्रिटनचे हेन्री डेल यांना १९३६ चा नोबेल पुरस्कार मिळाला. तो समारंभ १० डिसेंबरला झाला.

त्यानंतर तेराच दिवसांनी, २३ डिसेंबर १९३६ रोजी, जर्मनीत लेव्हरकुझेनला गेर्हार्ड श्राडर यांनी एक नवीन रसायन बनवलं. आय. जी. फार्बेन कंपनीने त्यांना पिकांवरची कीड मारण्यासाठी औषध शोधायला सांगितलं होतं. हे रसायन अगदी थोड्या मात्रेतही मावा मारत होतं. काही दिवसांनी श्राडर आणि त्यांच्या सहायकाच्या अंगाशी ते थोडंसं आलं. दोघांच्या बाहुल्या बारीक झाल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली, श्वास लागू लागला. बरं व्हायला काही आठवडे गेले. त्या रसायनाची माहिती सैन्याकडे गेली आणि त्याचं नाव पडलं टाबून. १९३८ मध्ये त्याच घराण्यात सारिन जन्मलं. आणि त्याच वर्षी ऑस्ट्रिया घशात घालणाऱ्या नाझींनी लोवींना ज्यू म्हणून अटक केली. नोबेलची रक्कम नाझींच्या ताब्यातल्या बँकेत वळती करून द्यायला लावली, आणि मगच त्यांना देशाबाहेर जाऊ दिलं. मंद हृदयाचं रहस्य उलगडणारा माणूस निर्वासित झाला आणि तेच हृदय बंद पाडणारी रसायनं त्याला हाकलणाऱ्यांच्या कारखान्यात तयार होऊ लागली.

युद्ध संपल्यावर या घराण्यातले त्या मानाने सौम्य सदस्य शेतीत आले. श्राडर यांच्याच कामातून निघालेलं पॅराथिऑन त्यांतलं एक. ते ‘फॉलिडॉल’ या नावाने विकलं जाई. साठी ओलांडलेल्या वाचकांना हे नाव ओळखीचं वाटेल, गावाकडे ते विषाचं सामान्यनामच झालं होतं. कीड मारण्यासाठी शोधलेलं रसायन छावणीत गेलं आणि फिरून शेतात आलं, असा हा प्रवास.

भारतात याचा पहिला मोठा तडाखा १९५८ मध्ये केरळात बसला. जहाजाने आलेल्या धान्याच्या मालाला त्याच जहाजावरच्या फॉलिडॉलची गळती लागली आणि ते खाऊन शंभराहून जास्त माणसं मेली. सरकारने न्यायमूर्ती जे. सी. शाह यांचा चौकशी आयोग नेमला. त्यातून पुढे कीटकनाशक कायदा आला, पण १९६८ मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी. डब्यावर जो रंगीत त्रिकोण असतो आणि उताऱ्याची ओळ छापलेली असते, ती या कायद्याच्या नियमांमुळे. लाल त्रिकोण सर्वांत जहाल. मोनोक्रोटोफॉस त्यांतलंच. १६ जुलै २०१३ ला बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या दुपारच्या जेवणात हेच मिसळलं गेलं आणि २३ मुलं गेली.

आता दुसऱ्या सुईकडे, पॅमकडे वळू. ॲट्रोपीन ब्रेक सोडवतं, छाती कोरडी करतं, पण लुळ्या पडलेल्या स्नायूंना ते काही करू शकत नाही. जायबंदी झालेलं विकर पुन्हा उभं करता येईल का, हा प्रश्न न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आयर्विन विल्सन यांनी घेतला. १९५५ च्या सुमारास त्यांनी पॅम हे औषध दाखवून दिलं. ते विकराला चिकटलेलं विष ओढून काढतं. ब्रिटनच्या संशोधकांनाही त्याच वर्षी स्वतंत्रपणे तेच सापडलं. जपानच्या नाम्बा आणि हिराकी यांनी पॅराथिऑनच्या विषबाधेत ते माणसांना देऊन १९५८ मध्ये अनुभव प्रसिद्ध केला. पॅमची अडचण एकच, वेळ. विकराला चिकटलेलं विष काही तासांनी पक्कं बसतं आणि मग ते निघत नाही. सोमान या नर्व्ह गॅसमध्ये हे काही मिनिटांत होतं. मोनोक्रोटोफॉसच्या गटात साधारण चार तासांत निम्मं विकर हातचं जातं, पॅराथिऑनच्या गटात दीड दिवस मिळू शकतो. म्हणून आमच्या खिशात सुई दिलेली असते, दवाखान्यात पोचेपर्यंत थांबायला सांगत नाहीत.

२० मार्च १९९५ ला टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन सोडलं गेलं, तेव्हा तिथल्या दवाखान्यांना पॅम पुरेना. मग नागोयाहून शिंकानसेन गाडीने पॅमचा साठा मागवला. जपानी दवाखान्यांनी ते ठेवलेलं होतं कीटकनाशकाच्या रुग्णांसाठी. शेतकऱ्याचा उतारा राजधानीच्या कामी आला. हे उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं, आणि त्याचं कारण पुढे येईल.

आता महाराष्ट्रात येऊ. वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात पॅमच्या चाचण्या घेतल्या, त्यांत फायदा दिसला नाही. मात्रा कमी पडत होती, अशी टीका झाली. मग बारामतीच्या गिरिराज हॉस्पिटलमध्ये डॉ. पवार, डॉ. भोईटे आणि सहकाऱ्यांनी मध्यम स्वरूपाच्या विषबाधेचे २०० रुग्ण घेऊन चाचणी केली. सगळ्यांना सुरुवातीला पॅमची २ ग्रॅम मात्रा दिली. मग निम्म्यांना दर चार तासांनी एक ग्रॅम आणि निम्म्यांना दर तासाला एक ग्रॅम सलाइनमधून सतत ४८ तास. निष्कर्ष २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकात आले. दर चार तासांच्या गटात १०० पैकी ८ दगावले, सततच्या गटात १. पहिल्या दिवसात ॲट्रोपीनही कमी लागलं, मध्यक ३० मिलिग्रॅमऐवजी ६. श्वासनलिकेत नळी घालावी लागली ती ८८ ऐवजी ६४ जणांना. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावरचं काम याच ‘लॅन्सेट’मध्ये पोचवलं होतं. तालुक्याच्या गावातून जगाच्या वैद्यकाला धडा देण्याची ही आपली दुसरी गोष्ट म्हणता येईल.

पण इतिहास इथे थांबला नाही. २००९ मध्ये श्रीलंकेतली चाचणी प्रसिद्ध झाली. तिथल्या २३५ रुग्णांत पॅम दिलेल्यांचा मृत्यूदर जवळजवळ २५ टक्के आणि न दिलेल्यांचा १६ टक्के निघाला. म्हणजे फायदा सोडाच, काटा उलट्या बाजूला झुकलेला. बारामती खोटी की श्रीलंका? भाचीने याचं उत्तर फार छान दिलं. ती म्हणाली, “दोन्ही खऱ्या असू शकतात, मामा. विष कुठलं, रुग्ण किती वेळाने आला, किती गंभीर होता आणि व्हेंटिलेटर किती होते, यावर सगळं बदलतं.” प्रोफेनोफॉससारख्या काही विषांवर तर पॅमचा उपयोगच होत नाही, कारण ते फार लवकर पक्कं बसतं. पॅमचा वाद आजही मिटलेला नाही.

ॲट्रोपीनबद्दल मात्र वाद नाही. वाद होता तो ते किती वेगाने द्यायचं याचा. श्रीलंकेत काम करणाऱ्या मायकेल एडलस्टन आणि सहकाऱ्यांनी पुस्तकं चाळली, तेव्हा तीसहून जास्त वेगवेगळ्या पद्धती निघाल्या. त्यांतल्या काहींनी अत्यवस्थ रुग्णाला पुरेशी मात्रा पोचायला जवळजवळ दिवस लागला असता. फ्रेझर यांचे दोन शब्द पुन्हा आठवा, मात्रा आणि वेळ. उपाय साधा निघाला. आधी तीन कुप्या. पाच मिनिटांनी पाहायचं. फरक नसेल तर दुप्पट, सहा. पुन्हा पाच मिनिटांनी बारा, मग चोवीस. आपल्याकडे ॲट्रोपीनची एक कुपी ०.६ मिलिग्रॅमची. म्हणजे पहिल्या पंधरा मिनिटांत ४५ कुप्या, २७ मिलिग्रॅम. आमच्या सुईत साधारण २ मिलिग्रॅम असतं, त्यावरून अंदाज करा. चितगावच्या मेडिकल कॉलेजमध्ये १५६ रुग्णांवर ही पद्धत जुन्या पद्धतीशी ताडून पाहिली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत जुन्या पद्धतीने २२.५ टक्के रुग्ण दगावले, नव्या पद्धतीने ८ टक्के. औषध तेच, स्वस्तातलं, शंभरहून जास्त वर्षं जुनं. फरक फक्त पाच-पाच मिनिटांचा.

कुठे थांबायचं, तेही शरीरच सांगतं. नाडी ८० च्या वर, वरचा रक्तदाब ८० च्या वर, छाती स्वच्छ, काख कोरडी, बाहुल्या मोकळ्या. एवढं झालं की दुप्पट करणं थांबवायचं आणि सलाइनमधून थोडं थोडं चालू ठेवायचं. जास्त झालं तर रुग्ण धोतरा खाल्ल्यासारखा बरळतो, अंथरूण चाचपतो, ताप चढतो. आणखी एक गोष्ट डॉक्टर आवर्जून सांगतात. या विषात नाडी नेहमी मंदच असते असं नाही. विष इतर नसांनाही चेतवतं, त्यामुळे कधी ती जलदही असते. तेवढ्यावरून विषबाधा नाही असं ठरवायचं नाही आणि ॲट्रोपीनही अडवायचं नाही. छाती घरघरते का, हे जास्त महत्त्वाचं. आणि रुग्ण शुद्धीवर येऊन चहा पिऊ लागला म्हणजे सुटला असंही नाही. एक ते चार दिवसांत मान धरवेनाशी होते आणि श्वास पुन्हा बंद पडू शकतो. हे श्रीलंकेच्या सेनानायके आणि करालियेद्दे यांनी १९८७ मध्ये प्रथम नीट मांडलं.

एवढं सगळं जगाला माहीत असताना २०१७ चा पावसाळा आला. मी तेव्हा उत्तरेत होतो. फोनवर वडील म्हणाले, “यंदा पऱ्हाटी मानसाच्या डोक्यावर गेली रे, फवारा तोंडावरच येते.” त्या एका वाक्यात बरंचसं कारण आलं होतं. उंच वाढलेली दाट कपाशी, दमट उकाडा, जोरात धुकं सोडणारे बॅटरीचे पंप, दोन-तीन औषधं एकत्र कालवायची सवय, आणि अंगावर बनियन. जुलै ते ऑक्टोबरमध्ये एकट्या यवतमाळ जिल्ह्यात शेकडो फवारणीवाले दवाखान्यात भरती झाले आणि वीसहून जास्त मेले. बरेचसे मजूर, रोजंदारीवर दुसऱ्याच्या शेतात फवारणारे. काहींची दृष्टी काही दिवस गेली होती. डॉक्टरांपुढचा पेच असा की, रुग्णाने काय फवारलं ते त्यालाच सांगता येत नव्हतं. वापरात मोनोक्रोटोफॉस होतं, प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिनचं मिश्रण होतं, डायफेन्थियुरॉनही होतं. पहिल्यावर ॲट्रोपीन आणि पॅम. दुसऱ्यात पॅम फारसं चालत नाही. तिसऱ्यावर उताराच नाही, तिथे फक्त लक्षणांवर उपचार.

सरकारने विशेष तपास पथक नेमलं आणि पथकाने मोनोक्रोटोफॉसवर बंदीची शिफारस केली. भाजीपाल्यावर ते वापरायला २००५ पासूनच बंदी होती, पण भाजीसाठी बंद आणि कापसासाठी चालू असलेला डबा तेव्हा दुकानात एकाच फळीवर असायचा. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्राने १८ कीटकनाशकांवर बंदीचा आदेश काढला, त्यांतली फोरेट, ट्रायझोफॉस, डायक्लोरव्हॉससारखी सहा २०२० च्या अखेरीस बंद झाली. बंदीचा उपयोग होतो का? श्रीलंकेने १९९५ पासून सर्वांत जहाल कीटकनाशकं एकेक करून बंद केली आणि पुढच्या दहा वर्षांत तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. रागाच्या किंवा निराशेच्या एका क्षणी हाताशी काय आहे, यावर जीव ठरतो.

आता मूळ मुद्दा. ज्या सैनिकावर नर्व्ह गॅसचा हल्ला कदाचित कधीच होणार नाही, त्याच्यासाठी देशाने सुई बनवली, मास्क दिला, सराव करून घेतला. हे योग्यच आहे. पण त्याच सैनिकाचा भाऊ दर पावसाळ्यात त्याच घराण्यातलं विष पाठीवर घेऊन डोक्याएवढ्या पिकात शिरतो आणि त्याच्या वाट्याला सराव नाही, मास्क म्हणजे तोंडाला बांधलेला रुमाल. ज्ञान कमी नाही. एडिंबरापासून बारामतीपर्यंत ते तयार आहे. कमी आहे ती ड्रिल. टोकियोला शेतकऱ्याचा उतारा शहराच्या उपयोगी पडला. आपल्याला उलट करायचं आहे, फौजेची शिस्त शेतापर्यंत न्यायची आहे.

हे काम माजी सैनिक करू शकतात. गावात आपल्या शब्दाला अजून वजन आहे. फवारणीचा हंगाम लागण्याआधी चार मजुरांना बसवून एवढं सांगा:

वाऱ्याच्या उलट दिशेला फवारू नका. पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. औषधं मनाने कालवू नका. उपाशीपोटी आणि भर उन्हात फवारणी नको, फवारताना तंबाखू-बिडी नको.

कोणाला मळमळ, घाम, अंधुक दिसणं, छातीत घरघर असं काही झालं तर शेताबाहेर काढा, कपडे उतरवा आणि अंग साबण-पाण्याने धुवा. धुणाऱ्याने स्वतःला सांभाळून. उलटी करवू नका, मिठाचं पाणी, दूध, तूप पाजू नका. बेशुद्ध असेल तर डाव्या कुशीवर. १०८ ला फोन, आणि डबा सोबत न्या. डब्यावरचं नाव डॉक्टरला मिळालं तर अर्धी लढाई सोपी होते. सुई स्वतः टोचायची नाही, ते काम दवाखान्याचं.

एक काम आत्ताच करून ठेवा. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारा, “ॲट्रोपीनच्या कुप्या किती आहेत?” दहा म्हणाले तर वरचा हिशेब त्यांना नम्रपणे दाखवा. ग्रामसभेत ठराव घ्या. फवारणीच्या महिन्यांत साठा वाढवून घ्या.

आणि घरातलं औषध कुलपात ठेवा. कोणी खचलेलं दिसलं तर त्याच्याजवळ बसा. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो.

आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात की शेजारचा जवान पडला तर त्याची सुई त्याला टोचायची, आपली आपल्यासाठी राखायची. शेतात पडणाऱ्याकडे स्वतःची सुई नसते. त्याची सुई आरोग्य केंद्राच्या कपाटात असते. ती तिथे आहे की नाही, हे पाऊस पडण्याआधी पाहून ठेवणं आपल्या हातात आहे.

जय हिंद.